दर रविवारी तांब्याभर पाणी: गाडीचं कूलंट आणि आतला गंज

मामांची गाडी माझ्याकडे आली तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि दिसायला चार वर्षांची. सीटवर धुतलेले टॉवेल, डॅशबोर्डवर एक ओरखडा नाही, ग्रिलमध्ये दसऱ्याच्या हारातल्या झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. मामांचा एक नेम होता. रविवारी सकाळी आंघोळ झाली की बॉनेट उघडायचं आणि रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी घालायचं. अंगणातल्या बोअरचं. "गाडीला कधी तहानलेलं ठेवलं नाही," असं ते कौतुकाने सांगत.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये, नाशिकला परतताना, कसारा घाटात गाडीने मान टाकली. टोचनवर गॅरेजला गेली. मेकॅनिकने रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी. रेडिएटरच्या निम्म्याअधिक नळ्या तपकिरी-पांढऱ्या खड्यांनी बुजलेल्या. वॉटर पंप, म्हणजे गॅरेजच्या भाषेत वॉटर बॉडी, बाहेर काढली तर आतल्या चक्राच्या पात्यांचे नुसते खुंट उरलेले. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, वाकलं होतं; ते घासून सपाट करायला, फेसिंगला, गेलं. बिलाचा आकडा मी मामांना आजतागायत सांगितलेला नाही.

मेकॅनिक एवढंच म्हणाला, "ताई, दर आठवड्याला पाणी लागत होतं म्हणजे ते कुठंतरी जात होतं ना? ते कुणी बघितलंच नाही."

कूलिंग सिस्टीम बंदिस्त असते. धडधाकट गाडीत कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी वर्षभरात जेमतेम बोटभर हलते. वरचेवर पाणी घालावं लागत असेल तर ती निगा नव्हे, गळतीवर घातलेलं पांघरूण आहे. आणि त्या पांघरुणाखाली आणखी एक गोष्ट चालते: प्रत्येक तांब्यासोबत ताजे क्षार आणि ताजा प्राणवायू आत जातो. गंजाला नेमकं हेच हवं असतं.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला?

हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो आणि तो अगदीच चुकीचा नाही. निव्वळ उष्णता वाहून नेण्यात साधं पाणी कूलंटपेक्षा सरस आहे. एक किलो पाणी एक अंशाने तापायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता घेतं, पाणी आणि ग्लायकॉल (कूलंटमधला मूळ द्रव) यांचं अर्धं-अर्धं मिश्रण साधारण ३.५. मग पाणीच का नको?

एक कारण उकळण्याचं. इंजिनातल्या पाण्याचं तापमान ८५ ते १०० अंशांच्या आसपास खेळतं आणि पाणी १०० अंशांना उकळतं. अर्धं-अर्धं मिश्रण मोकळ्या हवेत १०७ अंशांच्या पुढे उकळतं. त्यावर झाकणाने दाब राखला की ही मर्यादा १२५ अंशांच्याही वर जाते. घाटात, एसी लावून, पाच माणसं आणि सामान घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये चढताना ही वरची जागा कामी येते.

पण मोठं कारण दुसरंच. कूलंटच्या डब्यात ग्लायकॉल आणि पाण्यासोबत काही टक्के गंजरोधक रसायनं असतात. आपल्या हवामानात पैसे खरे तर त्या काही टक्क्यांचे मोजायचे. गोठण्यापासून संरक्षणाची गरज लेह-लडाख, स्पितीला जाणाऱ्यांना. अर्धं-अर्धं मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, तेवढं त्यांना पुरतं. आपल्याला हवं असतं ते धातूचं राखण.

पाण्याची सवय आली जुन्या गाड्यांमधून. अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे, जाड नळ्यांचे. बुजले तर टाक्या उघडून, सळया घालून रॉडिंग करायचं, डाग मारायचा, म्हणजे वितळलेल्या शिसं-कथलाने भोक बुजवायचं, पुन्हा बसवायचं. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीचा चालक घाटमाथ्यावर झाकणावर फडकं टाकून बाटलीने पाणी ओतायचा आणि गाडी पुढे निघायची. ती टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमची गेली, सवय मात्र राहिली. आजच्या रेडिएटरच्या नळ्या पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या आणि बाजूच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. त्यात रॉडिंगही होत नाही आणि डागही बसत नाही. बिघडला की बदलायचा.

आत नेमकं काय सडतं

इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवर किती धातू आहेत बघा: बिडाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा), अ‍ॅल्युमिनियमचं हेड, पोलादी पाइप, कुठे तांबं-पितळ, कुठे डाग. हे सगळे एकाच पाण्यात बुडलेले आणि एकमेकांना चिकटलेले. शाळेत लिंबात तांब्याची आणि जस्ताची पट्टी खोचून छोटा दिवा लावायचा प्रयोग केला असेल, तर हे तेच आहे. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि दोघांपैकी जो धातू रासायनिकदृष्ट्या जास्त क्रियाशील, तो झिजतो. आपल्या गाडीत तो बळी बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमचा.

अ‍ॅल्युमिनियम हा नाजूक गडी आहे. त्याच्यावर स्वतःचाच एक पातळ ऑक्साइडचा थर असतो आणि त्या थरावर तो जगतो. पाणी फार आम्ल झालं तरी थर विरघळतो, फार अल्कली झालं तरी विरघळतो. क्लोराइड असलं तर थराला बारीक भोकं पडतात आणि सुईच्या टोकाएवढा खड्डा खोल खोल जात राहतो. नळाच्या पाण्यातही क्लोराइड असतं, बोअरच्या आणि किनारपट्टीवरच्या विहिरींच्या पाण्यात तर बरंच.

बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम दुसरंच काम करतं. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच हेडच्या आत, सगळ्यात तापणाऱ्या जागी बसतो. थराखालचा धातू तापतच राहतो, बाहेर डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मात्र नीट दिसतो. हेड वाकायची सुरुवात इथे होते.

ग्लायकॉलही कायम टिकत नाही. उष्णता आणि हवा यांनी ते हळूहळू तुटतं आणि त्यातून आम्लं तयार होतात. नव्या कूलंटमध्ये ती मारायला पुरेसा अल्कलीपणा राखीव ठेवलेला असतो. तो संपला की कूलंट स्वतःच धातू खायला लागतं. म्हणून "पातळी बरोबर आहे, रंगही हिरवा आहे" यावर निर्धास्त राहू नये. रंग शेवटपर्यंत टिकतो, रसायनं आधी संपतात.

ट्रॅक्टर आणि ट्रकवाल्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. मोठ्या डिझेल इंजिनांत बऱ्याचदा ओला लायनर असतो. लायनर म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो ती नळी; ओल्या लायनरच्या बाहेरच्या अंगाला थेट पाणी लागतं. प्रत्येक स्फोटासरशी लायनर थरथरतो, त्याच्या अंगावर बारीक बुडबुडे तयार होतात आणि फुटतात. हा मार इतका सततचा असतो की लायनरला आरपार छिद्रं पडतात आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. डिझेलसाठी बनवलेल्या कूलंटमध्ये यावर वेगळं रसायन असतं. कारसाठीचं कुठलंही कूलंट ट्रॅक्टरमध्ये ओतू नये, ते यासाठी. आणि कॅनॉलचं पाणी तर नकोच.

रंगावर जाऊ नका

दुकानात हिरवं, लाल, गुलाबी, निळं, पिवळं, जांभळं असं सगळं मिळतं. रंग हा फक्त रंग असतो. कुठल्या रंगाने काय ओळखायचं याचा सगळ्या कंपन्यांना बांधणारा नियम नाही. महत्त्वाचं असतं ते आतलं तंत्र, आणि ते ढोबळमानाने तीन प्रकारचं.

जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेट यांसारखी रसायनं असतात. ती सगळ्या धातूवर पटकन थर चढवतात, पण पटकन संपतातही. साधारण दोन वर्षं किंवा ४०,००० किलोमीटर, एवढंच त्यांचं आयुष्य धरतात. दुसरा प्रकार सेंद्रिय आम्लांच्या क्षारांचा. ही रसायनं जिथे गंज सुरू होतो नेमकी तिथेच जाऊन बसतात, त्यामुळे हळू खर्च होतात आणि पाच वर्षं किंवा त्याहून जास्त टिकतात. तिसरा दोन्हींचा संकर. त्यातही युरोपी गाड्यांची पसंती सिलिकेटकडे आणि जपानी-कोरियन गाड्यांची फॉस्फेटकडे. युरोपात पाणी जड, फॉस्फेटचं जड पाण्याशी जमत नाही, त्यातून ती परंपरा आली असं मानतात.

तेव्हा गाडीसोबत आलेलं पुस्तक काढा. "कूलंट" या शब्दापुढे कंपनीने जो प्रकार आणि जो कालावधी छापलाय तोच तुमचा. पुस्तक हरवलं असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर पीडीएफ असते. डब्यावर भारतीय मानक आयएस ५७५९, जपानी मानक जेआयएस के २२३४ किंवा अमेरिकी एएसटीएम डी ३३०६ यांपैकी काही छापलेलं आहे का पाहा. "सर्व गाड्यांसाठी" एवढंच मोठ्या अक्षरात लिहिलेलं आणि मानकाचा पत्ताच नाही, असा डबा मी घेत नाही.

दोन प्रकार मिसळले तर लगेच स्फोट होत नाही. मात्र लांब टिकणाऱ्याचं आयुष्य घटतं, आणि काही जोड्या एकत्र आल्या की आत जेलीसारखा गाळ धरतो. आत कुठलं आहे ते माहीत नसेल तर वर घालून भागवू नका, सगळं काढून एकच प्रकार भरा.

पाणी कुठलं

कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, घेतलं तर पाणी आपण मिसळायचं. ते डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड हवं. बॅटरीच्या दुकानात, पेट्रोल पंपावर "बॅटरीचं पाणी" म्हणून पाच लिटरचा कॅन मिळतो, तेच. फक्त दुकानदाराने चुकून बॅटरीचं अ‍ॅसिड तर दिलं नाही ना, हे लेबल वाचून बघा. हसू नका, दोन्ही कॅन शेजारी ठेवलेले मी पाहिलेत.

बाटलीबंद पिण्याचं पाणी शुद्ध असतं, क्षारमुक्त नसतं. घरच्या आरओचंही तेच. एसीतून ठिबकणारं पाणी क्षार नसले तरी तांब्याच्या-अ‍ॅल्युमिनियमच्या कॉइलवरून धूळ घेऊन येतं, तेही नको. हे सगळं नको वाटत असेल तर आधीच मिसळलेलं, रेडी-टू-यूज कूलंट घ्या. चार पैसे जास्त जातात, चूक होत नाही.

आणि निव्वळ कॉन्सन्ट्रेट कधीही ओतू नका. "जास्त घातलं की जास्त थंड" असं वाटतं, घडतं उलट. नुसतं ग्लायकॉल उष्णता कमी वाहतं आणि उणे १३ अंशांलाच गोठतं. ५० टक्के हे सोयीचं प्रमाण, ४० ते ६० च्या मध्ये राहिलं तरी ठीक.

महिन्यातून दोन मिनिटं

सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना. तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडू नका. दाबाखालचं पाणी दाब सुटताच उकळून अंगावर येतं आणि चेहऱ्याची, हाताची कातडी जाते.

आधी ओळखा तुमची टाकी कुठल्या जातीची. काही गाड्यांत रेडिएटरवरच दाबाचं झाकण असतं आणि बाजूची प्लास्टिकची बाटली नुसती राखीव. या बाटलीत पातळी बरोबर दिसत असूनही रेडिएटर रिकामा असू शकतो. म्हणून अधूनमधून, थंड असताना, रेडिएटरचं झाकण उघडून आत काठोकाठ आहे का पाहायचं. दुसऱ्या जातीत ती बाटलीच दाबाखाली असते, झाकण तिच्यावरच. तिथे "मिन" आणि "मॅक्स" या खुणांमधली पातळी खरी.

बाटलीवर पातळीची खूण पेनाने करा, बाजूला तारीख. पुढच्या महिन्यात किती हललं ते कळतं. मी पाडव्याला आणि दसऱ्याला नीट तपासते, उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा. गाडीची पूजा करताना बॉनेट उघडायचंच असतं, तेवढ्यात होऊन जातं.

पातळीसोबत रंग बघा. तपकिरी असेल तर बिडाला गंज धरलाय. वर तेलाचा तवंग किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ लोणी दिसलं तर हेड गॅस्केटची (हेड आणि ब्लॉकच्या मधलं सील) शंका घ्या आणि गाडी चालवू नका. जोडांपाशी, होज पाइपच्या क्लिपखाली, वॉटर बॉडीच्या खालच्या बारक्या छिद्रापाशी पांढरी किंवा रंगीत खरड जमली असेल, तर तिथून कूलंट झिरपून वाळतंय. ते छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की तिथून पाणी बाहेर येऊन आपल्याला सांगतं. ते बुजवू नका. ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या गोल टोपण्या असतात, बरेच मेकॅनिक त्यांना "डमी" म्हणतात. आतून गंज धरला की त्या पहिल्या फुटतात.

गाडीत गोडसर वास येतोय आणि समोरच्या काचेवर चिकट वाफ धरतेय? हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय. पायाखालची मॅट उचलून बघा.

झाकणालाही आयुष्य असतं. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला दाब. रबर कडक झालं की दाब राहत नाही आणि मिश्रण लवकर उकळतं. रात्रभर थंड झालेल्या गाडीचा वरचा होज पाइप आत चेपलेला दिसला तर झाकणातली उलटी झडप अडकलीय. झाकण स्वस्त असतं. शंका आली की त्याच आकड्याचं नवीन घ्या. जास्त आकड्याचं लावून "मजबुती" आणू नका, जुने पाइप त्याने फाटतात.

आतली तब्येत मोजायची असेल तर

पीएचची आणि राखीव अल्कलीची कागदी पट्टी मिळते. पीएच ७ च्या खाली, म्हणजे आम्लाच्या बाजूला, गेला असेल तर तारखेची वाट न पाहता कूलंट बदला. रिफ्रॅक्टोमीटर नावाचं छोटं दुर्बिणीसारखं यंत्र ग्लायकॉलचं प्रमाण सांगतं. ते गंजरोधकाबद्दल काही सांगत नाही, हे लक्षात ठेवा. प्रमाण उत्तम आणि संरक्षण शून्य, असं होऊ शकतं.

मल्टीमीटर घरात असेल तर एक गॅरेजी परीक्षा करता येते. गाडी थंड, झाकण उघडं, मीटर डीसी व्होल्टवर. काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल तार कूलंटमध्ये, कुठल्याही धातूला न टेकवता. ०.२ व्होल्टच्या खाली असेल तर बरं. ०.३ च्या पुढे संशय, ०.५ च्या पुढे कूलंट संपलं असं धरा. आता इंजिन चालू करून एकेक करत दिवे, एसीचा ब्लोअर, फॅन लावा. एखादी गोष्ट लावल्याबरोबर आकडा उडी मारत असेल तर दोष कूलंटचा नाही, अर्थिंगचा. नंतर बसवलेला मोठा हॉर्न किंवा म्युझिक सिस्टीम, आणि त्याची अर्थ रेडिएटरच्या बोल्टला दिलेली, असं हमखास सापडतं. ती वीज कूलंटमधून वाट काढते आणि नवा रेडिएटर महिन्यांत चाळणी करते. दुसऱ्यांदा रेडिएटर बदलायची वेळ आली असेल तर आधी हे बघा.

कूलंट बदलणं, पायरीपायरीने

अर्ध्या दिवसाचं काम आहे. ज्यांना हात काळे करायचे नाहीत त्यांनीही वाचा, म्हणजे गॅरेजमध्ये उभं राहून काय चाललंय ते कळेल.

गाडी सपाट जागी, पूर्ण थंड, हँडब्रेक ओढलेला. इलेक्ट्रिक फॅन इंजिन बंद असतानाही सुरू होऊ शकतो, म्हणून किल्ली काढून ठेवा आणि बोटं लांब. हीटरचा डायल पूर्ण गरमवर; काही गाड्यांत त्याशिवाय हीटरच्या वाटेतलं जुनं पाणी निघत नाही. खाली मोठं घमेलं ठेवा. झाकण उघडा, मग रेडिएटरच्या तळाचा प्लग सैल करा. प्लग नसेल किंवा प्लास्टिकचा होऊन जाम झाला असेल तर जोर न लावता खालचा होज पाइप काढा.

निघालेलं मोजा. ही पायरी सगळे टाळतात आणि पुढचा सगळा घोळ इथूनच होतो.

समजा पुस्तकात क्षमता ५ लिटर आहे आणि निघालं ३ लिटर. म्हणजे २ लिटर अजून ब्लॉकमध्ये. आता प्लग लावून डिस्टिल्ड पाणी भरा, इंजिन थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडणारी झडप) उघडेपर्यंत चालवा, म्हणजे वरचा होज पाइप हाताला गरम लागेपर्यंत. बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या, पुन्हा काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत दोन-तीन वेळा. शेवटच्या खेपेनंतर आत राहिलेलं २ लिटर हे जवळजवळ नुसतं पाणी असतं. या स्थितीत ३ लिटर अर्धं-अर्धं मिसळलेलं रेडी-टू-यूज भरलं तर त्यात ग्लायकॉल दीड लिटर, म्हणजे ५ लिटरमध्ये ३० टक्के. गंजरोधकही तेवढंच पातळ. पन्नास टक्के हवं असेल तर अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट आधी घाला, मग अर्धा लिटर डिस्टिल्ड पाणी. रेडी-टू-यूजच वापरायचं असेल तर शेवटची खेप पाण्याऐवजी त्याच कूलंटने करा.

गंज फार असेल तरच फ्लशचं, म्हणजे आतून धुवायचं, रसायन वापरा, डब्यावर दिलेल्या वेळेपुरतं, आणि नंतर भरपूर धुवा. फार जुन्या, बोअरच्या पाण्यावर वाढलेल्या गाडीत हे करताना सांभाळा. कधी कधी गंजाच्या खपलीनेच भोक बुजवलेलं असतं. खपली निघाली की गळती दिसते. तो फ्लशचा दोष नाही, आजार उघडा पडला एवढंच. मामांच्या गाडीची डमी अशीच दुसऱ्या दिवशी गळली.

काम काढलंच आहे तर होज पाइप दाबून पाहा. भेगा, फुगवटा, किंवा क्लिपपाशी चिकट मऊपणा असेल तर बदला.

आता भरणं. हळू ओता. हवा अडकू नये म्हणून पुढची चाकं किंचित उंचावर घेतली तर बरं. हवा काढायचा ब्लीड स्क्रू असेल तर तो उघडा ठेवा आणि बुडबुड्यांविना धार आली की बंद करा. वरचा होज पाइप हाताने दाबत राहा. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा, पातळी खाली गेली की भरत राहा. इंजिन तापायला लागलं, पातळी वर यायला लागली की झाकण लावा. फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत चालवा. हीटरमधून गरम हवा यायला हवी. गार येत असेल तर आत एअर लॉक आहे, म्हणजे हवा अडकलीय. मग पूर्ण थंड करून पातळी पुन्हा बघा. दोन-तीन दिवस रोज सकाळी बघा, थोडी खाली जातेच.

जुनं कूलंट कॅनमध्ये भरून मोठ्या वर्कशॉपला द्या. गटारात किंवा झाडात ओतू नका. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. लहान मूल प्यायलं असं वाटलं तरी लक्षणांची वाट न पाहता तडक हॉस्पिटल. आणि कॅनवर नाव लिहा, ते सरबतासारखं दिसतं.

सीएनजीवाल्यांना वेगळं

पुण्या-मुंबईत निम्मे वाचक सीएनजीवर असतील. किटमधल्या रिड्यूसरला, जिथे गॅसचा दाब उतरतो, गरम ठेवायला कूलंटचे दोन पाइप नेलेले असतात. दाब उतरताना गॅस अतिशय थंड होतो, कूलंट ती थंडी मारतं. म्हणजे तुमच्या गाडीत इतरांपेक्षा जास्तीचे पाइप, जास्तीच्या क्लिपा आणि हवा अडकायची एक जास्तीची जागा आहे. कूलंट कमी झालं की रिड्यूसर गारठतो, त्याच्यावर दव किंवा बर्फ धरतो आणि गाडी गॅसवर झटके देते. गॅसचं ट्यूनिंग करायच्या आधी कूलंटची पातळी बघा. बाहेरून किट बसवलेलं असेल तर त्या पाइपांच्या जोडांवर सर्व्हिसिंगच्या वेळी हमखास टॉर्च मारा.

घाटात काटा चढायला लागला तर

एसी बंद, खिडक्या खाली, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात. घाम फुटेल, पण हीटर हा छोटा रेडिएटरच आहे. सुरक्षित जागा दिसताच बाजूला घ्या. वाफ येत नसेल तर बॉनेट उघडून मिनिटभर इंजिन चालू ठेवलं तरी चालतं. वाफ येत असेल, खाली धार लागली असेल किंवा लाल दिवा लागला असेल तर लगेच बंद. "समोरच ढाबा आहे, तिथपर्यंत जाऊ" हे वाक्य हेड वाकवतं. काटा अचानक खाली आला म्हणून खूश होऊ नका. सेन्सर पाण्याबाहेर उघडा पडला की तो कमी दाखवतो आणि इंजिन भाजत असतं.

तापलेल्या इंजिनावर किंवा आत गार पाणी ओतू नका. किमान अर्धा-पाऊण तास थांबा. नंतरच झाकण, जाड फडक्याने, तोंड लांब ठेवून. त्या वेळी जवळ फक्त पिण्याच्या पाण्याची बाटली असेल तर तीच घाला, दुसरा उपाय नसतो. घरी आल्यावर मात्र सगळं काढून नीट भरा.

गॅरेजमध्ये कशाला नाही म्हणायचं

"वॉल काढून टाकू, गाडी गरमच होणार नाही." वॉल म्हणजे थर्मोस्टॅट. तो काढला की इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त खातं, ऑइल खराब होतं, आणि काही इंजिनांत पाण्याची वाटच बदलल्याने उलट जास्त गरम होतं. खराब असेल तर त्याच तापमानाचा नवा बसवा, काढू नका.

"रेडिएटरमध्ये हळद टाका." ही युक्ती चालते, बारीक गळती थांबते, हे मी नाकारत नाही. आडरानात रात्री अडकलात तर टाका. पण तीच हळद, तोच गळती बंद करणारा डबा पुढे रेडिएटरच्या बारीक नळ्या आणि हीटर बुजवतो. गावात पोचलात की खरी दुरुस्ती.

"हेड गॅस्केटच गेलंय." असेल, नसेल. हेड उघडण्याआधी दाबाची चाचणी आणि कूलंटमध्ये जळका वायू येतोय का हे रंग बदलणाऱ्या द्रावणाने बघायची चाचणी करायला सांगा. दोन्ही थोडक्यात होतात.

काम झालं की बॉनेटच्या आत एक स्टिकर लावा: तारीख, किलोमीटर, कूलंटचा प्रकार, किती लिटर. गाडी विकाल तेव्हा पुढचा माणूस दुवा देईल.

मामा अजून कधी रविवारी आले की सवयीने तांब्या भरून अंगणात उभे राहतात. मी बॉनेट उघडते आणि वायपरच्या पाण्याची टाकी दाखवते. काचेवर थोडे पांढरे डाग पडतात, तेवढे मी पुसून घेते.